करते की करायचे?

३ मार्च, मंगळवार

जबाब देऊन आले. हात अजून गार आहेत.

इंग्रजीतच लिहा म्हणाले. नवीन व्यवस्थापन आल्यापासून हॉस्पिटलात सगळं इंग्रजीत. अर्ध्या पानाला पाऊण तास लागला! समोर चौकशीच्या मॅडम. लाल पेन हातात, टोपण आधीच काढून ठेवलेलं. म्हणजे चूक सापडणारच, अशी तयारी.

काय झालं ते एकदा नीट लिहून काढते. डोक्यात नुसता गुंता झालाय.

बारा फेब्रुवारीला एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार दिवसांत जखमेत पू. पुन्हा उघडून धुवावी लागली. बाई अजून चौथ्या मजल्यावर पडून आहेत. जंतू आले कुठून? दोनच वाटा. एक तर ऑपरेशनची हत्यारं नीट निर्जंतुक झाली नव्हती — म्हणजे तळघरात आम्ही. नाहीतर वॉर्डात ड्रेसिंग करताना काही गडबड झाली — म्हणजे तिथली धाकटी सिस्टर.

त्या दिवशी सकाळी मशीनवर मी होते.

आमचं मशीन वाफेचं. हत्यारांचे ट्रे कापडात बांधून आत ठेवायचे, सोबत चाचणीचं एक छोटं पाकीट. पाकिटात पट्टी. वाफ सगळीकडे पोचली तर पट्टी पिवळ्याची काळी होते. पाकीट उघडायचं, पट्टी बघायची, रजिस्टरमध्ये टिक करून सही करायची. मगच ट्रे वर ऑपरेशन थिएटरला. बारा तारखेच्या ओळीत माझी टिक आहे. सही आहे.

जबाबात मी लिहिलं — आय यूज्ड टू चेक द स्ट्रिप इन एव्हरी लोड. म्हणजे, प्रत्येक वेळी मी पट्टी तपासत असते. एकोणीस वर्षांचं काम एका ओळीत! मला बरं वाटलं होतं ते वाक्य.

मॅडमनी बरोबर त्याच वाक्याखाली लाल रेघ ओढली. 'या तुम्ही,' एवढंच.

का ओढली?

४ मार्च, बुधवार

स्पेलिंग चुकलं असणार. दुसरं काय! दिवसभर मनात तेच वाक्य लिहून बघते आहे.

६ मार्च, शुक्रवार

स्पेलिंग नाही. स्पेलिंग असतं तर किती बरं झालं असतं.

दर शुक्रवारी तीन ते चार कँटीनमध्ये आम्हाला इंग्रजीचा क्लास असतो. तोही नव्या व्यवस्थापनाचाच. मशीनवाले, धुलाईवाले, वॉर्डातल्या मावश्या, सगळे लांब बाकांवर पोरांसारखे दाटीवाटीने बसतो. क्लासच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं : यूज्ड टू. म्हणाल्या, 'चौकशीच्या मॅडमनीच सांगितलं, यांना हे आधी शिकवा. सगळ्यांच्या कागदांत हीच चूक आहे.'

मी वहीत नुसतं डोकं घातलं.

बाई सांगत होत्या. 'आय यूज्ड टू स्मोक. म्हणजे मी विड्या ओढायचो. ओढायचो! आता ओढत नाही. पूर्वी होतं, आता नाही, त्याला यूज्ड टू.'

कानात वाफ सुटल्यासारखं झालं. हात वर केला. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

'बाई, मग रोज करते, त्याला?'

'साधं वाक्य. आय चेक. बस.'

'आणि सवय झाली, त्याला?'

'आय ॲम यूज्ड टू. ते तिसरंच प्रकरण!' सगळे हसले.

शेजारी रेडिओ बसला होता. दुसऱ्या पाळीचा आमचा मशीनवाला, तोंड बंद म्हणून नसतं, म्हणून रेडिओ. माझ्या कानाशी पुटपुटला, 'ताई, मी पण तेच लिहिलंय. मेलो की काय?' पण तो त्या दिवशी पाळीवर नव्हता. त्याला काय!

करते. करत असते. करायचे. तीन वेगळ्या गोष्टी. मी मॅडमना लेखी देऊन आलेय, सही करून — मी पट्टी बघायचे. आता बघत नाही.

७ मार्च, शनिवार

लेकीला सांगितलं. आधी खो खो हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

'आई, अगं ही चूक सगळे करतात! आमचे कॉलेजचे सर सुद्धा बोलतात तसं. मॅडमना सांग ना सरळ, मला असं म्हणायचं नव्हतं. भाषेची चूक ती. त्यासाठी कुणी फासावर देतं का?'

यांना सांगितलं. हे बसच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करतात. म्हणाले, 'मी तर असं काही लिहूनच देत नाही. चाक फिरतंय का बघ म्हणावं.' मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'पण तू बघतेस ना पट्टी?'

'बघते म्हणजे? एकोणीस वर्षं बघते!'

जोरात बोलले. का एवढ्या जोरात बोलले?

बाईंनी गृहपाठ दिलाय. यूज्ड टूची पाच वाक्यं, स्वतःच्या आयुष्यातली. लेकीने बसवून करून घेतली. माय हजबंड यूज्ड टू सिंग. (आता नुसते घोरतात. ते वेगळं लिहायचं नाही म्हणाली.) आय यूज्ड टू हॅव लाँग हेअर. माय डॉटर यूज्ड टू लिसन टू मी. हे तिनेच खोडलं. वुई यूज्ड टू लिव्ह निअर द ब्रिज.

पाचवं सुचेना. 'राहू दे, उद्या करते,' म्हणून वही मिटली.

९ मार्च, सोमवार

मशीन कंपनीचा माणूस आला. दोन खेपा लावल्या, दोन्ही पट्ट्या काळ्याभोर. 'मशीन ठणठणीत!' म्हणाला, कागद दिला, चहा पिऊन गेला. रेडिओने मशीनला थोपटलं, 'शाबास रे माझ्या वाघा.'

मला आनंद व्हायला हवा होता.

इन्चार्ज सिस्टरनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. आवाज अगदी मऊ. 'ताई, एक अर्ज द्या. भाषेची चूक झाली, मला नेहमी तपासते असं म्हणायचं होतं. मीच टाइप करून देते. मशीन ठीक, तुमची टिक आहे, सही आहे. मग आपल्याकडे राहिलं काय?'

'मग जंतू आले कुठून?' मी विचारलं.

त्यांनी बोट वर केलं. छताकडे. छताच्या वर वॉर्ड.

'ती पोरगी नवीन आहे,' म्हणाल्या. 'सहा महिने पण झाले नाहीत. नवीन माणसाकडून होतं.'

विचार करून सांगते म्हटलं. त्यांनी भुवया उडवल्या. खरंच, यात विचार कसला करायचाय?

१० मार्च, मंगळवार

आज जेवणाच्या सुट्टीत चौथ्या मजल्यावर गेले. का गेले, माहीत नाही. पाय गेले.

त्या गुडघ्याच्या बाई खिडकीजवळच्या खाटेवर. साठीच्या असतील. पाय उशीवर, नळी लावलेली. मला वाटलं होतं झोपलेल्या असतील, लांबूनच बघून येऊ. टक्क जाग्या! म्हणाल्या, 'या, बसा. कोण हो तुम्ही?'

'खालच्या मजल्यावर असते. सहज विचारपूस करायला आले.'

तीस वर्षं टपाल वाटलं म्हणाल्या. सायकलवरून. 'गुडघा त्यातच गेला. कागदाचं वजन काय असतं, ते मला विचारा!' छान बोलतात. पाणी मागितलं. पेला देताना माझ्या हाताला हात लागला.

'किती गरम हात आहेत हो तुमचे.'

'वाफेतलं काम आहे.'

'म्हणजे स्वयंपाकघरात वाटतं?'

हो म्हटलं. हो! एका शब्दात खोटं बोलून मोकळी.

तेवढ्यात ती धाकटी सिस्टर आली, ड्रेसिंगला. मला बाहेर काढलं. दारातून बघितलं — हात धुतले, पुसले, कशाला तरी स्पर्श झाला म्हणून पुन्हा धुतले. हाताची कातडी लाल झालीय पोरीची धुऊन धुऊन. बाई मोठ्यांदा म्हणाल्या, 'अगं, झिजतील हात!' ती हसली नाही. भेदरलेली दिसत होती. तिलाही जबाब द्यावा लागलाय.

बाई आता रोज दुखणं सोसतात. 'सवय झाली,' म्हणाल्या. तीन आठवड्यांत सवय होते?

११ मार्च, बुधवार

ही पानं कोण बघतंय? इथे तरी लिहू.

नाही. उद्या.

१२ मार्च, गुरुवार

अर्जावर सही केली. इन्चार्ज सिस्टरनी टाइप करूनच ठेवला होता. मला फक्त सही करायची होती. उभ्या उभ्या केली. एवढंच!

संध्याकाळी लेकीने विचारलं, 'झालं ना मनासारखं?' झालं म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार

क्लासमध्ये वाक्यं वाचून घेतली. रेडिओ उभा राहिला — 'आय यूज्ड टू बी थिन. माय वाइफ यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ मी.' सगळा वर्ग लोळला. बाईंना पण हसू आवरेना.

माझी पाळी आली. चार वाचली. 'पाचवं?' बाई म्हणाल्या. उभी राहिले, काही येईना. रेडिओ मागून म्हणाला, 'ताई, काहीही ठोका!' बाई म्हणाल्या, 'बसा, बसा, बरं नाही का?'

क्लासमधून निघताना लिफ्टपाशी दोघी मावश्या बोलत होत्या. धाकट्या सिस्टरला काल संध्याकाळपासून घरी बसवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत येऊ नको म्हणाले. रडत सामान घेऊन गेली. 'तळघरातल्या ताईंचा अर्ज आला ना, मग तिच्याकडेच बोट जाणार!' एक मावशी म्हणाली. माझ्याकडे पाठ होती तिची. मी जिन्याने उतरले.

१४ मार्च, शनिवार

सकाळी साडेपाच. घरातले उठायचे आहेत. लिहितेच आता.

मी पट्टी बघत नाही.

लिहिलं. छत कोसळलं नाही.

पूर्वी दोन मशिनं होती. ऑक्टोबरात एक बंद पडलं, ते तसंच आहे. तेव्हापासून सगळे ट्रे एकाच मशीनवर. पाकीट बाहेर काढलं की चटका बसतो, थंड व्हायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात थिएटरमधून फोन — ट्रे कुठाय? पेशंट टेबलावर आहे! पुन्हा फोन. पुन्हा. पहिल्यांदा एकदा ट्रे आधी पाठवला, पट्टी नंतर बघितली. काळी होती. मग दोनदा तसंच. मग पाळी संपताना सगळी पाकिटं एकदम उघडायला लागलो. सगळ्या काळ्या. मग कंटाळा आला. सगळ्या काळ्याच तर असतात! पाकिटं तशीच बादलीत जायला लागली. आणि टिका? टिका सकाळीच पानभर करून ठेवायच्या, सह्यांसकट. कुणी शिकवलं नाही. कुणी हटकलं नाही. मी केलं, रेडिओ करतो, सगळे करतात. इन्चार्ज सिस्टरना माहीत नाही? त्यांच्या टेबलावरून बादली दिसते.

कुठल्या दिवशी थांबले, तेही आठवत नाही. असं कसं होतं? एकोणीस वर्षांची गोष्ट सुटली आणि सुटल्याचा दिवससुद्धा लक्षात नाही.

बारा फेब्रुवारी मात्र आठवते. फोन तीनदा वाजला होता. ट्रे उचलला तर कापडाचा कोपरा दमट लागला. मशीनमधून आलेलं कापड कोरडं हवं. दमट म्हणजे वाफ नीट फिरली नाही, असा अर्थ असू शकतो. नवीन पोरांना हे मीच शिकवते! मी तो कोपरा बोटांनी दाबला. माझ्याच हाताचा घाम असेल म्हटलं. आणि ट्रे वर चढवला.

पाकीट हातात होतं. उघडायला पंधरा मिनिटं पुरली असती.

वही, तीन तारखेपासून तुझ्याशीही खोटं बोलत होते. एकोणीस वर्षं बघते म्हणे!

१५ मार्च, रविवार

यांना सांगितलं. सगळं. भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवली.

'नोकरी जाईल,' म्हणाले.

'जाईल.'

मग म्हणाले, 'आमच्या डेपोत एकाने ब्रेक बघितल्याची सही न बघता केली होती. बस उतारावर गेली. माणसं वाचली. तो अजून कामावर आहे. पण कुणाच्या नजरेला नजर देत नाही.' पुन्हा सुरी उचलली. 'तू ठरव. मी काही म्हणणार नाही.'

लेक मात्र चिडली. 'सगळेच करतात तर तूच का सांगायचं? रेडिओकाका सांगणार आहेत का?' रडायलाच लागली. तिच्या फीचा विचार करत असेल, असं मनात आलं. नंतर माझ्या कुशीत येऊन बसली, तेव्हा स्वतःची लाज वाटली.

१६ मार्च, सोमवार

अकराला बोलावलं होतं. इन्चार्ज सिस्टर माझ्या शेजारच्या खुर्चीत, अगदी निवांत.

मॅडम म्हणाल्या, 'तुमचा अर्ज वाचला. यूज्ड टू चुकून लिहिलं गेलं. बरोबर?'

म्हटलं, 'मॅडम, अर्ज मागे घ्यायचाय. वाक्य बरोबर आहे.'

'म्हणजे?'

'बघायचे. आता बघत नाही. ऑक्टोबरपासून.'

शेजारची खुर्ची करकरली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'मॅडम, यांची तब्येत बरी नाही, शुक्रवारी क्लासमध्येसुद्धा —'

'त्यांना बोलू द्या.'

मग मी बोलले. बंद मशीन, फोन, बादली, सकाळच्या टिका. दमट कोपरा. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. विचारलं त्यांनी, 'तुम्ही एकट्याच असं करता?' म्हटलं, 'मी माझं सांगते.'

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

'पहिल्या दिवशी ते वाक्य मुद्दाम लिहिलं होतं का?'

'नाही हो. खोटंच लिहायचं होतं. इंग्रजी येत नाही म्हणून खरं लिहिलं गेलं.'

हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. 'त्या सिस्टरला उद्या परत बोलावते,' म्हणाल्या. 'पण मशीन ठीक असल्याचा कागद माझ्यासमोर आहे. तुम्ही बघितलं नाही, हे कळलं. म्हणून जंतू तुमच्याकडूनच आले, असं सिद्ध होत नाही. तिच्यावरचा संशय अजून गेलेला नाही.'

म्हणजे मी सांगूनही तिची सुटका नाही!

१७ मार्च, मंगळवार

मशीनवरून काढलं. निकाल लागेपर्यंत कपड्यांच्या खोलीत. चादरी मोजते, घड्या घालते. एक फाटकी बाजूला, एक चांगली बाजूला. थंडगार खोली. हात गार पडतात.

रेडिओ दारासमोरून गेला. बघितलं नाही. गाणंही नाही, शीळही नाही. मी त्याचं नाव घेतलं असेल असं वाटत असणार. किंवा घेतलं नाही याचाच राग आला असेल. मला त्याच्या मागे पळत जाऊन सांगावंसं वाटलं. काय सांगणार?

इन्चार्ज सिस्टर कँटीनमध्ये उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या.

१८ मार्च, बुधवार

दोनशे बारा चादरी. दुसरं काही नाही.

१९ मार्च, गुरुवार

धाकटी सिस्टर चादरी न्यायला आली. कामावर घेतलंय, पण ड्रेसिंगला हात लावायचा नाही म्हणे. मला ओळखलं. मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, 'मावशी, तुम्ही सांगितलंत ते कळलं मला.' आणि मग, 'पण माझ्याकडूनच झालं असेल तर? रात्रंदिवस तेच डोक्यात. मी नक्की हात धुतले होते का त्या दिवशी?'

'धुतले होतेस,' म्हटलं.

'तुम्हाला काय माहीत?'

खरंच, मला काय माहीत! चादरी उचलून गेली.

२० मार्च, शुक्रवार

आत्ता सव्वाबाराला रेडिओ आला. माझ्या जागी सकाळची पाळी आता तोच करतो. धावत. दारातच उभा राहिला, दम लागलेला. 'ताई, परवापासून मी प्रत्येक पाकीट उघडतोय,' म्हणाला. 'फोन वाजू दे, नाहीतर फुटू दे.' मूठ उघडून दाखवली. आजची पट्टी. अर्धी काळी, अर्धी पिवळी. ट्रे दारातच अडवला म्हणाला, वर पेशंटला भूल द्यायला घेतली होती, थांबवली. मॅडम स्वतः मशीनपाशी आल्यात, कंपनीच्या माणसाला बोलावलंय, सगळं बंद.

'मधूनच दगा देतं ते, ताई. रोज नाही.'

पोरगी सुटली. आणि त्या बाईंचा गुडघा — तो माझ्याच हातून.

डबा उघडलेला नाही. चौथ्या मजल्यावर जाते आहे. मी कोण ते त्यांना सांगायचंय.